फासा, बाण, बंदूक आणि जिवंत तार

तूर शेंगेवर आणि हरभरा घाट्यावर आला की शेगाव तालुक्यातल्या वावरांत राखणीचे दिवस सुरू होतात. संध्याकाळी न् पहाटे रोही, रात्री रानडुक्कर. मग पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, कृषी खात्याच्या बैठकीत एकच विषय. आणि तो विषय निघाला की थोड्याच वेळात बोलणे जनावरांवरून माणसांवर घसरते. फासे लावणारा पारधी तो चोर. सातपुड्यातला तीरकमठेवाला तो अडाणी. परवान्याची बंदूक असलेला तो शिकारी साहेब. आणि धुऱ्यावर तार ताणून तीत वीज सोडणारा? तो बिचारा शेतकरी! ही वाटणी कोणी केली आणि कशावरून केली, याचा विचार शेतकरी बंधूंनी व गावच्या कारभाऱ्यांनी एकदा करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

कोणत्या हत्याराने मारणे न्यायाचे, हे भांडण फक्त आपल्याकडे आहे असे नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली हरणासाठी खास धनुष्यबाणाचा हंगाम सुरू केला. आज तिथे बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात नऊ दिवसांचा असतो आणि धनुष्याचा सप्टेंबरपासून पुढे काही महिने चालतो. बंदूकवाल्यांची तक्रार अशी, की धनुष्यवाल्यांना पहिली संधी मिळते आणि दिवसही जास्त. धनुष्यवाले म्हणतात, आम्हाला जनावराच्या तीस-चाळीस पावलांत जावे लागते, आमच्यातले बहुतेक रिकाम्या हातानेच परततात, मग दिवस जास्त नकोत का? तिसरे लोक म्हणतात की बाण लागलेले जनावर रक्त सांडत पळते आणि पुष्कळदा सापडतच नाही. इंग्लंडने तर बाणाने शिकार करायला कायद्यानेच मनाई केली आहे. तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण त्या भांडणात हंगाम ठरलेला आहे, हत्यार ठरलेले आहे, किती मारले याची मोजदाद आहे. आपल्याकडे यातले काय आहे?

एकेकाळी होते. इंग्रजी अमलातल्या १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात सरकारला ‘बंद काळ’ जाहीर करता येत असे. म्हणजे विणीच्या दिवसांत शिकार नाही. त्याच कायद्यात असेही होते की स्वतःच्या मालमत्तेच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी कोणी जनावर मारले, तर त्याला हा कायदा लागू नाही. पीक राखणारा आणि हौसेने मारणारा यांत इंग्रजाने फरक केला होता.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपण आज शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखतो. पण तो आला तेव्हा सरसकट बंदीचा नव्हता. काही जनावरे पूर्ण संरक्षित होती, बाकीच्यांसाठी परवाने होते. विशेष शिकारीचा वेगळा, मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा, शिवाय जनावर पकडण्याचा वेगळा. पिल्ले आणि माद्या मारू नयेत याचे एक कलम होते, बंद काळाचे एक होते. आणि सतरावे कलम तर मोठे वाचण्यासारखे होते. मोटारीतून शिकार करायची नाही. मोटारीने जनावर हाकायचे नाही. उजेडाचा झोत टाकून मारायचे नाही. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत मारायचे नाही. पाणवठ्यावर व पाणवठ्याच्या वाटेवर दबा धरायचा नाही. शिकारीसाठी रान पेटवायचे नाही. दुसऱ्याच्या जमिनीत त्याला विचारल्याशिवाय शिरायचे नाही. एखाद-दुसरा अपवाद सोडला तर सारा मामला स्पष्ट होता. जनावर तहानेने पाण्यावर आले, उजेडाने दिपले, तर ते मारण्यात पुरुषार्थ नाही आणि न्यायही नाही, हे त्या कलमाने मानले होते.

पण हेच कलम दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. जाळी, फासे, सापळे, खड्डे, विष, स्फोटके यांना मनाई. फासे-जाळ्यांना फक्त पकडण्याच्या परवान्यापुरती सूट. कुत्री घेऊन मोठी शिकार करायला मनाई. आणि विशेष व मोठ्या शिकारीला रायफलच पाहिजे, खास परवानगी असली तर एकगोळी बंदूक. साध्या बाणाचे नावही कलमात नाही, पण मोठ्या जनावराला रायफल हवी म्हटल्यावर बाण आपोआप बाद. आता रायफल कोणाकडे होती? आपल्या आजोबाकडे नव्हती. पारध्याकडे नव्हती. वर जळगाव जामोद-संग्रामपूरच्या डोंगरातल्या कोरकू, भिलाला, निहाल यांच्याकडेही नव्हती. विष आणि स्फोटकांच्या पंगतीत फासा बसवला आणि पाटावर रायफल बसवली. नियम चांगलेच होते, पण ते लिहिताना एकाच प्रकारचा शिकारी डोळ्यांसमोर होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

१९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने संपले आणि शिकार बंद झाली. हौसेची शिकार गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. काळविटांचे कळप वऱ्हाडात कसे विरळ होत गेले, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण हौसेबरोबर बंद काळाचे कलम गेले, मादी-पिल्लांचे गेले आणि कसे मारू नये हे सांगणारे सतरावे कलमही गेले. मारणे मात्र पूर्ण थांबले नाही. अकरावे कलम शाबूत राहिले. जनावर माणसाला किंवा मालमत्तेला, म्हणजे उभ्या पिकालाही धोकादायक झाले तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने ते मारता येते. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना जनावर मेले तर गुन्हा नाही, पण पीक वाचवताना परवानगीशिवाय मेले तर गुन्हा आहे. १९१२ ची सवलत इथे संपली. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, रोही आणि रानडुक्कर दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आले. परवानगीची वाट तीच राहिली. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली या दोन जनावरांपुरता परवानगीचा अधिकार खाली वनक्षेत्रपालापर्यंत आणला, ही चांगली गोष्ट झाली.

परवानगी मिळाली. आता मारायचे कोणी? परवान्याच्या बंदुकीने. गावात बंदूक किती? एक, नाहीतर शून्य. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी तोंडाने भरायच्या बंदुकीच्या, म्हणजे आपल्या भरमारच्या, परवान्याची तरतूद स्पष्ट शब्दांत आहे. पण चार एकरवाला कास्तकार त्यासाठी जिल्ह्याच्या किती चकरा मारणार? मग बाहेरचा नेमबाज येतो. २०१६ च्या जूनमध्ये बिहारात मोकाम्याच्या भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून दोनशेवर रोही मारले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्रीच एकमेकांशी जाहीरपणे भांडले. मारावे की नाही यावर सारा देश बोलला. कोणी, कशाने आणि कोणत्या दिवसांत मारावे, यावर कोणी फारसे बोलले नाही.

आता फासेपारध्याकडे वळू. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांत पारधी होते, आणि १९५२ साली तो कायदा गेला तरी गावाची नजर गेली नाही. कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीवर अभ्यास प्रसिद्ध केला. फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू. तिघांच्या पद्धती वेगळ्या, तिघांची जनावरेही बहुतांशी वेगळी. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर यांच्या मागे. वैदू लहान मांसाहारी जनावरांच्या मागे. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तितर-लावे यांच्या मागे. फासेपारध्यांची एक रीतही नोंदली गेली आहे. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे.

हे जरा थांबून बघण्यासारखे आहे. बंदुकीने निवड करता येते. नेमबाज चांगला असला तर तो नर पाहून मारील. पण गोळी सुटल्यावर परत घेता येत नाही. बाणाचे तेच. फाशाचे उलटे आहे. फासा स्वतः आंधळा, त्यात काय पडेल सांगता येत नाही. पण फासा लावणारा जवळ बसला असेल तर पडलेले सोडून देता येते. म्हणजे न्याय फाशात नाही न् बंदुकीतही नाही. हत्याराच्या जवळ माणूस आहे का, त्याला समोरचे जनावर दिसते आहे का आणि त्याच्या हातात अजून काही निर्णय उरला आहे का, यात तो आहे.

पारध्याची बाजू घेतली म्हणजे फाशाला प्रशस्तिपत्र दिले असे समजू नये. आता मोटरसायकलच्या क्लचवायरचे फासे निघाले आहेत. ते लावून माणूस घरी निघून जातो. त्यात डुक्कर पडो, बिबट पडो, नाहीतर शेजाऱ्याच्या गोऱ्ह्याचा पाय पडो. पारध्याच्या फाशाचे आणि या फाशाचे नाव एक असले तरी दोन्ही एक नव्हेत. कणकेच्या गोळ्यात भरलेला गावठी बॉम्ब हाही त्यातलाच. डुकराचा जबडा फुटतो आणि ते कुठेतरी झुडपात चार दिवस तडफडून मरते. तोच गोळा चरायला गेलेल्या गाईच्या तोंडात गेला तर? तीरकमठ्याबद्दलही भाबडेपणा नको. बाण जवळून मारावा लागतो, म्हणून मारणारा जनावर ओळखून मारतो, हे खरे. पण रानडुकराची चामडी आणि चरबी जाड. नेम खांद्यामागे नीट बसला नाही तर जखमी डुक्कर माणसावर उलटते. भरमारच्या छऱ्यांनी अर्धवट जखमी केलेल्या डुकराची गोष्ट याहून निराळी नाही.

आता जिवंत तार. लेखाचा खरा विषय हाच आहे.

धुऱ्यावर खुंट्या ठोकून बारीक तार ओढायची, विहिरीवरच्या पेटीतून किंवा आकडा टाकून तीत वीज सोडायची आणि घरी येऊन झोपायचे. सातबारावाला प्रतिष्ठित शेतकरी हे करतो, म्हणून याला कोणी शिकार म्हणत नाही. पण वर सांगितलेली कसोटी लावा. तारेला डोळे नाहीत. समोर डुक्कर आहे, बैल आहे, वाघ आहे की पहाटे पाणी धरायला निघालेला भाऊबंद आहे, हे तिला कळत नाही. तारेजवळ कोणी बसलेला नाही. सापडलेले सोडून देण्याची सोय नाही. रात्रीची वेळ आहे. जनावराची वाटच अडवलेली आहे. १९७२ च्या कलमात जे जे निषिद्ध होते त्यांपैकी निम्मे या एका तारेत जमा झाले आहे.

एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड भागात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच कुंपणाच्या विजेने मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात बोरच्या रानात सोडलेली वाघीण अशाच तारेने मेली. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ विदर्भ-मराठवाड्यातली शेते तुडवीत हजारावर किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, त्याचे आपण कौतुक केले. तो रात्री कोणाकोणाच्या धुऱ्यावरून गेला असेल याचा हिशेब केला तर अंगावर काटा येतो. वाघाची बातमी होते, चौकशी होते. तारेला चिकटून गेलेल्या माणसाची बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते. पुष्कळदा तार लावणारा आणि मरणारा एकाच भावकीतला असतो, त्यामुळे गाव गप्प बसते. मजूर असेल तर त्याच्या घरच्यांना काहीतरी देऊन मिटवले जाते.

काही शेतकरी म्हणतात, झटका मशीनही वीजच आहे, मग आमच्याच तारेत काय वाईट? फरक समजून घ्या. झटका यंत्र साधारण सेकंदाला एक ठोका देते आणि तो ठोका सेकंदाच्या अगदी लहान अंशात संपतो. व्होल्ट जास्त असले तरी अंगात जाणारी एकूण शक्ती थोडी. जनावर दचकते, मागे फिरते. घरगुती २३० व्होल्टची वीज अखंड वाहते. तिने हाताचे स्नायू आवळले जातात आणि माणूस तार सोडू शकत नाही. एक यंत्र हाकलण्यासाठी आहे, दुसरी तार मारण्यासाठीच आहे. झटका यंत्राच्या नावाखाली यंत्र न जोडता नुसती लाइन जोडणारेही महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावे! तारेने वन्यजनावर मेले तर वन्यजीव कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड, आणि पहिल्या अनुसूचीतले, जसे काळवीट किंवा बिबट, असेल तर तीन ते सात वर्षे. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. वीजचोरीचे प्रकरण वेगळे.

तरीही शेतकऱ्याला नुसते दोषी धरून भागणार नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात कोरडवाहू हरभऱ्याशिवाय रब्बीत फारसे काही हाती नसते. नाल्याकाठी वेड्या बाभळीचे रान माजले आहे, त्यात डुकरांना दिवसभर आडोसा मिळतो. डुकरीण साधारण चार महिन्यांत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्ले देते. रोहिणीला आठ महिने लागतात, पण जुळी सर्रास होतात. त्यांना खाणारा वाघ-बिबट मैदानात नाही. संख्या वाढणारच. कायद्याची वाट अरुंद आणि तार स्वस्त, तर माणूस कुठे वळणार?

केरळने २०२२ साली वेगळी वाट काढली. रानडुकराबाबत परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना दिला, परवान्याच्या बंदूकधारकांकडून काम करून घ्यायचे ठरवले आणि त्याच आदेशात विष, स्फोटके व वीज यांना स्पष्ट मनाई केली. कोणी मारावे याबरोबर कशाने मारू नये हेही लिहिले, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. आपल्याकडे परवानगीच्या कागदावर ही अट ठळक छापली जावी.

दुसरी गोष्ट वेळेची. आपण परवानगी मागतो ती पीक उभे असताना, नुकसान डोळ्यांना दिसते तेव्हा. ते साहजिक आहे. पण नेमबाजीला हीच वेळ सर्वांत वाईट. तूर आणि कपाशी डोक्याबरोबर, आत मजूर, पलीकडे दुसरे वावर. गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. माझ्या मते संख्या कमी करण्याचे काम हरभरा-गहू निघाल्यावर, मार्च ते मे या दिवसांत, रान उघडे असताना व्हावे. तेव्हा जनावर दिसते, मादी-पिल्ले ओळखू येतात, शिवारात माणूस कमी असतो. पाणवठ्यावर मात्र मारू नये. उन्हाळ्यात तो मोह फार होईल. आणि पावसाळ्याच्या तोंडापासून पिल्ले पायावर उभी राहीपर्यंत बंद काळ असावा. उभ्या पिकाच्या दिवसांत हाकलणे, उन्हाळ्यात मोजून कमी करणे, असा हंगाम बसवता येईल. अकराव्या कलमाची भाषा उभ्या पिकाशी बांधलेली आहे, तेव्हा उन्हाळ्यातल्या कामासाठी शासनाला नियम स्पष्ट करावे लागतील. ग्रामसभांनी ठराव करून ही मागणी वनखात्याकडे आणि आमदारांकडे पाठवायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट पारध्यांची. डुकराची वाट, रोह्याची बसण्याची जागा त्यांच्याइतकी कोणाला कळते? २००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क वगळलेला आहे, त्यामुळे हक्क म्हणून हे मिळणार नाही. पण वनखात्याच्या देखरेखीखाली, रोजंदारी देऊन, जाळ्या-पिंजऱ्याने डुकरे जिवंत पकडण्याच्या कामात हे लोक घेता येतील. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारध्यांनी गवती माळ राखण्याचे आणि तणमोरासारखे पक्षी सांभाळण्याचे काम करून दाखवले आहे. ज्यांना आपण चोर म्हणतो तेच राखणदार झाले. हैदराबादचा माणूस आणण्याआधी शेजारच्या बेड्यावर विचारून पाहावे.

हे सगळे होईल तेव्हा होईल. तारेचा विषय मात्र शासन निर्णयाची वाट पाहणारा नाही. सरपंच, पोलीस पाटील आणि महावितरणचा लाइनमन यांनी पेरणीनंतर एकदा आणि हरभरा घाट्यावर आल्यावर एकदा शिवारात मिळून फेरी मारावी. कोणत्या धुऱ्यावर काय जोडले आहे हे गावाला माहीत असतेच. तक्रार न करता आधी तार काढायला लावावी, न ऐकल्यास पुढचे पाऊल. नुकसान झाल्यावर ताबडतोब वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. आणि जे झटका यंत्र घेणार आहेत त्यांच्यासाठी: आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगची सळई कोरडी पडून झटका बसत नाही आणि मग लोक चिडून थेट लाइन जोडतात. सळई खोल ठोकावी, एकाऐवजी तीन असाव्यात, आठ दिवसांनी बुडाशी बादलीभर पाणी टाकावे, आणि तारेला टेकलेले गवत काढत राहावे. यंत्र बिघडले तर दुरुस्त होईपर्यंत रात्रीची जागल करावी, गावात पाळ्या लावून.